कापसाच्या खोलीत उणे साडेपस्तीस अंश

जानेवारीतली दुपार होती. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या घरची मधली खोली कापसानं खिडकीच्या वरपर्यंत भरलेली, कारण भाव चढेल या आशेवर बाबांनी माल थांबवला होता. बाहेर तीसेक अंश असतील. आणि माझ्या लॅपटॉपवर त्या खोलीचं तापमान दिसत होतं उणे साडेपस्तीस. बाबांनी दारातूनच डोकावून पाहिलं. "अंदर बर्फ पडून राह्यला का रे?"

सकाळी हाच आकडा चौदा होता आणि तो बरोबर होता. म्हणजे सेन्सर चांगला. बिघडलं होतं ते मी लिहिलेलं, त्या सेन्सरसाठीचा, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या कर्नलमधला ड्रायव्हर. हा शब्द गावात उच्चारायची सोय नाही. "पोट्टा बसचे डायवर लिवते" असं आईनं शेजारी सांगितलं, तर एसटीची भरती निघाली का म्हणून दोघंजण विचारून गेले. तेव्हा निदान इथं तरी नीट सांगतो.

संगणकात मेमरी, डिस्क, तारा या सगळ्याच्या किल्ल्या ज्याच्याकडे असतात तो कर्नल. ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर वगैरे मंडळींना हार्डवेअरला थेट हात लावता येत नाही, ती कर्नलकडे मागतात. पण जगात हजारो प्रकारची उपकरणं. कुणाशी कसं बोलायचं हे कर्नलच्या गाभ्याला कुठून माहीत असणार? ती माहिती ज्या तुकड्यात असते तो ड्रायव्हर. तो कर्नलच्या आतच राहतो, त्याच्याच किल्ल्या वापरतो, त्यामुळे तो चुकला की एक प्रोग्रॅम बंद पडून भागत नाही, अख्खं यंत्र बसतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले होते. ते अपडेट वाचणारा तुकडा कर्नलमध्ये बसलेला ड्रायव्हर होता आणि त्यानं मेमरीच्या हद्दीबाहेर वाचलं. एवढंच.

आता ड्रायव्हर लिहायला बसणाऱ्या नव्या माणसाचा पहिला गोंधळ. साधा प्रोग्रॅम वरून सुरू होतो आणि खाली संपतो. ड्रायव्हरला अशी सुरुवातच नसते. तो लग्नाच्या आचाऱ्यासारखा. आचारी गावोगाव फिरून "तुमच्याकडे लग्न आहे का" असं विचारत नाही. त्यानं एकदा सांगून ठेवलेलं असतं की मी अमुक-अमुक स्वयंपाक करतो. बोलावणं आलं की यायचं, बिछायत केंद्रातून भांडी उचलायची, चूल पेटवायची, मागतील ते वाढायचं, कार्य आटोपलं की चूल विझवून भांडी परत करून जायचं. ड्रायव्हरही असाच आधी नोंदणी करतो. मी ही-ही उपकरणं सांभाळतो, उपकरण आलं की माझं 'प्रोब' नावाचं फंक्शन बोलवा, गेलं की 'रिमूव्ह' बोलवा. मग गप्प बसतो. लिनक्समध्ये २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ आवृत्तीपासून जवळपास सगळ्याच बसेसचा कारभार या एका साच्यात बसवलेला आहे.

बस म्हणजे उपकरणं जिला जोडलेली असतात ती तारांची वाट, आणि त्या वाटेवर बोलायचे नियम. बोलावणं कोण धाडतं, तर बस. आणि कोण कुठं राहतं हे हुडकायची प्रत्येक बसची तऱ्हा वेगळी.

पीसीआय ही कोतवालाची तऱ्हा. इंटेलनं ती १९९२ मध्ये आणली. एका बसवर जास्तीत जास्त ३२ दारं, प्रत्येक दारामागे आठपर्यंत खोल्या. कर्नल प्रत्येक दार ठोठावून विचारतो, कंपनी कोणती? घर रिकामं असेल तर उत्तरात सोळाच्या सोळा बिट (बिट म्हणजे शून्य किंवा एक) एक येतात, म्हणजे कुणी राहत नाही, पुढं चला. राहत असेल तर कंपनीचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक मिळतो. इंटेलचा कंपनी क्रमांक आहे ८०८६, त्यांच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचंच नाव. हे दोन क्रमांक ज्या ड्रायव्हरच्या यादीत असतील त्याला बोलावणं जातं. तो ड्रायव्हर अजून मेमरीत नसला तरी चालतं, कारण कोणता क्रमांक कोणत्या फाइलमध्ये आहे याची मोठी यादी डिस्कवर तयार असते आणि तिच्यावरून योग्य ती फाइल चढवली जाते. "लिनक्सला आपोआप कसं कळलं" याचं उत्तर ही यादी.

यूएसबीची तऱ्हा नव्या सुनेची. ती घरात आली तेव्हा तिला घरातलं नाव नसतं. सगळी नवी उपकरणं शून्य या पत्त्यावर बोलतात, मग यजमान तिला १ ते १२७ मधला एक पत्ता देतो आणि ती १८ बाइटांत स्वतःची ओळख सांगते: कंपनी, वस्तू, वर्ग. इथं ये-जा चालूच असते, कुणीही कधीही पिन उपसतं. हे लक्षात ठेवा, पुढं महागात पडणार आहे.

आणि आयटूसी. ही फिलिप्सनं १९८२ मध्ये टीव्हीसारख्या यंत्रांच्या आतल्या चिपा एकमेकींशी बोलाव्यात म्हणून काढली. फक्त दोन तारा, एक घड्याळाची आणि एक माहितीची. पत्ता सात बिटांचा, म्हणजे १२८, त्यातले राखीव सोडले तर ११२. माझा सेन्सर यावरचा, सेन्सिरिऑनचा एसएचटी३१, सोळा-आधारी मोजणीत पत्ता ४४. आयटूसीवर कुणी स्वतःची ओळख सांगत नाही. पत्त्यावर हाक मारली तर "हो" एवढंच येतं, पण कोण बोलतंय ते कळत नाही. त्याच मोजणीतल्या ६८ या पत्त्यावर डीएस३२३१ हे घड्याळही बसतं आणि एमपीयू६०५० हा हालचाल मोजणारा सेन्सरही. हाकेला ओ कुणी दिली हे नुसत्या पत्त्यावरून ओळखून दाखवा! म्हणून इथं कर्नलला बाहेरून सांगावं लागतं. रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकासारख्या बोर्डांवर 'डिव्हाइस ट्री' नावाच्या फाइलमध्ये लिहून ठेवतात की अमुक तारेवर अमुक पत्त्याला अमुक चिप आहे. लॅपटॉपवर मी ते हातानं सांगत होतो, टर्मिनलमध्ये एक ओळ टाइप करून, नाव आणि पत्ता.

(दोन तारांची ही बस फुटपट्टीच्या अंतरासाठी आहे. मी कापसाच्या मधोमध सेन्सर पोचावा म्हणून आधी दहा मीटर तार लावली. मानकानुसार पूर्ण बसवर ४०० पिकोफॅरडपेक्षा जास्त धारिता, म्हणजे तारांची विद्युतभार साठवायची क्षमता, चालत नाही आणि तार लांबली की ती वाढतच जाते. आकडे फाटायला लागले. शेवटी तार दीड मीटरवर आणली आणि लॅपटॉपच कापसाच्या खोलीत नेऊन ठेवला. उंदरांची भीती वेगळी.)

माझ्या लॅपटॉपला आयटूसीचं तोंड नव्हतं. एक नखाएवढा अडॅप्टर होता, एका बाजूनं यूएसबी, दुसऱ्या बाजूनं आयटूसी. त्यामुळे साखळी अशी झाली: लॅपटॉपमधला यूएसबी कंट्रोलर हे स्वतः पीसीआयवरचं उपकरण. त्याचा ड्रायव्हर उठला की यूएसबी बस जन्माला येते. तिच्यावर अडॅप्टर सापडतो, त्याचा ड्रायव्हर उठला की आयटूसी बस जन्माला येते. तिच्यावर माझा सेन्सर, आणि त्याचा ड्रायव्हर मी. एका उपकरणाच्या पोटातून पुढची बस निघते. मला हा भाग अजूनही सगळ्यात देखणा वाटतो. माझ्या ड्रायव्हरला वरचं काहीच माहीत नसतं. तो फक्त म्हणतो, "या बसवर ४४ ला हे दोन बाइट पाठव." ती बस यूएसबीच्या पोटात आहे की थेट बोर्डावर, त्याला देणंघेणं नाही. म्हणूनच तोच ड्रायव्हर रास्पबेरी पायवर एक ओळ न बदलता चालतो.

बोलण्याची रीत चिपेच्या कागदपत्रात लिहिलेली असते. दोन बाइटांचा हुकूम पाठवायचा, चिप मोजते, त्याला जास्तीत जास्त १५ मिलिसेकंद लागतात, मग सहा बाइट वाचायचे. दोन तापमानाचे आणि एक पडताळणीचा, दोन आर्द्रतेचे आणि एक पडताळणीचा. हे १५ मिलिसेकंद ड्रायव्हरनं झोपून काढायचे असतात, म्हणजे प्रोसेसरला सांगायचं की तोवर दुसऱ्याचं काम कर. कर्नलमध्ये काही ठिकाणी मात्र झोपायला सक्त मनाई असते, उदाहरणार्थ इंटरप्ट चालू असताना. उपकरणानं दाराची कडी वाजवली की प्रोसेसर हातातलं टाकून धावतो, तिथं डुलकी काढली तर सगळंच थांबलं. इंटरप्टचा विषय माझ्या सेन्सरला लागू नाही, पण एक गंमत सांगून पुढं जातो. जुन्या पीसीआयवर दोन-तीन उपकरणं एकाच कडीवर असतात. कडी वाजली की प्रत्येक ड्रायव्हरनं आपल्याकडचं आहे का ते पाहून "माझं नाही" असं प्रामाणिकपणे सांगायचं असतं. एक लाख वेळा वाजून ९९,९०० पेक्षा जास्त वेळा कुणीच "माझं" म्हटलं नाही, तर कर्नल ती कडीच बंद करतो आणि नोंदवहीत लिहितो, "कुणालाच पर्वा नाही". शब्दशः असंच लिहितो.

आता ते उणे साडेपस्तीस.

सेन्सर तापमान अंशात देत नाही, ० ते ६५,५३५ मधला एक कच्चा आकडा देतो. त्याला १७५ नं गुणायचं, ६५,५३५ नं भागायचं, ४५ वजा करायचे. कर्नलमध्ये दशांश चिन्हाची गणितं करत नाहीत. ती करायची तर प्रोसेसरची त्यासाठीची वेगळी रजिस्टरं, म्हणजे आतले छोटे कप्पे, दर वेळी वाचवून ठेवावी लागतात, ते परवडत नाही. म्हणून तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, पूर्णांकात मोजतात. ३० अंश म्हणजे ३०,०००. मी सरळ सूत्र हजारपट केलं: कच्चा आकडा गुणिले १,७५,०००, मग भागाकार, मग ४५,००० वजा. कागदावर एकदम बरोबर.

पण मी उत्तर ठेवलं होतं ३२ बिटांच्या डब्यात. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. तीस अंशाला कच्चा आकडा येतो २८,०८६. गुणाकार होतो ४,९१,५०,५०,०००. मावला नाही. वर सांडलं ते गेलं आणि उरले ६२,००,८२,७०४. त्याला ६५,५३५ नं भागून ४५,००० वजा केले की उणे ३५,५३९, म्हणजेच उणे साडेपस्तीस अंश. हिशेब मांडल्यावर दिसलं की माझा ड्रायव्हर साडेवीस अंशांपर्यंत बरोबर चालतो. पुण्यात एसी लावलेल्या खोलीत मी तो तपासला होता, थंडगार १९ अंशांत. विदर्भात तो रोज सकाळी शहाणा असायचा आणि दहा वाजता वेडा व्हायचा.

उपाय सोपा. ६५,५३५ च्या जागी ६५,५३६ धरायचे, फरक नगण्य. मग १,७५,००० आणि ६५,५३६ या दोन्हींना आठनं भागायचं, होतात २१,८७५ आणि ८,१९२. आता सगळ्यात मोठ्या कच्च्या आकड्यालाही गुणाकार डब्यात मावतो, आणि ८,१९२ नं भागणं म्हणजे नुसतं बिट तेरा घरं सरकवणं. लिनक्समध्ये या चिपेचा ड्रायव्हर आधीपासून आहे, मी शिकायला म्हणून माझा वेगळा लिहीत होतो. नंतर तो उघडून पाहिला तर तिथं नेमके हेच दोन आकडे होते. बरंही वाटलं, थोडा रागही आला.

गणिताची चूक निदान दिसते. दुसरी चूक दिसायला पुतणी लागली.

बाबांना आकडा सारखा बदलताना पाहायचा होता, म्हणून मी ड्रायव्हरमध्ये दर दोन सेकंदांनी स्वतःच मोजमाप घेणारं एक काम लावलं होतं. काम झालं की ते पुढच्या दोन सेकंदांसाठी स्वतःला पुन्हा रांगेत लावतं. झकास चाललं. संध्याकाळी चहा पिऊन आलो तर पडदा गोठलेला आणि कीबोर्डवरचा कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत होता. तो दिवा लुकलुकणं म्हणजे कर्नलनं मान टाकली. लॅपटॉपच्या यूएसबीत मोबाइलची वायर होती.

"ते पिन मीच काढली न काका, चार्जिंग लावाचं होतं," पुतणी म्हणाली. तिचं काहीच चुकलं नव्हतं. यूएसबी उपसण्यासाठीच असते.

काय झालं ते आचाऱ्याच्या भाषेत सांगतो. अडॅप्टर गेला, त्याच्या पोटातली आयटूसी बस गेली, म्हणून तिच्यावरच्या माझ्या सेन्सरचं कार्य आटोपलं आणि रिमूव्ह बोलावलं गेलं. माझ्या रिमूव्हमध्ये काहीच नव्हतं. मेमरी मी 'डेव्हएम' नावाच्या सोयीतून घेतली होती, म्हणजे उपकरण गेलं की कर्नल ती आपोआप परत घेतो, जशी बिछायत केंद्राची माणसं स्वतः येऊन भांडी मोजून नेतात. सोय उत्तमच. पण बिछायतवाला चूल विझवत नाही. भांडी गेली आणि माझं दोन सेकंदांचं काम पेटलेलंच. पुढच्या ठोक्याला कर्नलचं घड्याळ त्या जागी गेलं तर तिथली मेमरी आता दुसऱ्याची. कधी जुना मजकूर तसाच पडून असतो आणि काही होत नाही, कधी यंत्र बसतं. यातलं "कधी काही होत नाही" हेच वाईट, कारण माझ्या टेबलावर महिनाभर काही झालं नव्हतं.

मी रिमूव्हमध्ये काम रद्द करणारी ओळ घातली आणि सुटलो असं समजलो. पण रद्द करायची फंक्शनं दोन आहेत. एक नुसतं रांगेतून नाव काढतं. काम रांगेत नसून नेमकं त्याच क्षणी चालू असेल, त्या १५ मिलिसेकंदांच्या झोपेत असेल, तर ते त्याला थांबवत नाही आणि थांबतही नाही. दुसरं, नावाच्या शेवटी 'सिंक' असलेलं, चालू काम संपेपर्यंत वाट पाहतं आणि त्याला स्वतःला पुन्हा रांगेत लावूही देत नाही. मी पहिलं वापरलं होतं. गंजीवर माणूस असताना शिडी काढून नेल्यासारखं. दोन हजार मिलिसेकंदांतले पंधरा, म्हणजे साधारण सव्वाशे वेळांत एकदा दगा. हातानं पिन उपसून हे कधी सापडलं असतं! उपकरण जोडणं-सोडणं टर्मिनलमधूनही करता येतं, तेव्हा एका छोट्या स्क्रिप्टनं ते हजार वेळा करायला लावलं. साठ-सत्तरीतच दिवा लुकलुकला. सिंक लावल्यावर हजारही पार पडले आणि दुसऱ्या रात्री दहा हजारही.

म्हणून कुणी मला ड्रायव्हर तपासायला दिला तर मी प्रोब आधी वाचत नाही. प्रोब सगळ्यांनाच जमतो, कागदपत्रात पाहून लिहिता येतो आणि चुकला तर लगेच कळतं. मी रिमूव्ह उघडतो. चालू कामं, घड्याळं, इंटरप्ट, उघड्या फाइली, यातलं एकेक कसं बंद केलंय आणि ज्या क्रमानं सुरू केलं त्याच्या उलट क्रमानं केलंय का, हे पाहतो. तिथं दोनच ओळी असतील तर एकतर लिहिणारा फार शहाणा आहे, नाहीतर त्याच्या घरी पुतणी नाही.

आणि खरं सांगायचं तर खोलीचं तापमान पाहायला कर्नलमध्ये शिरायची गरजच नव्हती. आयटूसीला बाहेरून, पायथन भाषेतल्या वीस ओळींतूनही बोलता येतं, चुकलं तर फक्त तो प्रोग्रॅम पडतो. उपकरणाला इंटरप्ट असेल, ते थेट मेमरीत मजकूर ओतत असेल, किंवा चार प्रोग्रॅमना एकाच वेळी ते हवं असेल, तर कर्नल. बाबांचा मूळ प्रश्न तर त्याहून सोपा होता. खरेदी केंद्रावर कापसातला ओलावा आठ ते बारा टक्क्यांच्या आत लागतो, तो वाढतोय का एवढंच त्यांना पाहिजे होतं. हवेची आर्द्रता म्हणजे कापसातला ओलावा नव्हे, हे त्यांनीच मला मूठभर कापूस दाबून दाखवून सांगितलं.

परत निघायच्या दिवशी पुतणीला बोलावलं. लॅपटॉप तिच्यासमोर ठेवला.

"काढू?"

"काढ."

तिनं पिन उपसली. नोंदवहीत यूएसबी सुटल्याची एक ओळ आली आणि बाकी सगळं जागच्या जागी चालू राहिलं. तिनं पुन्हा लावली. अडॅप्टर सापडल्याच्या दोन ओळी आल्या. आकडा मात्र येईना.

"आता काऊन नाही येऊन राह्यला?"

यूएसबीवाला अडॅप्टर बोलतो, त्यानं आपण आल्याचं सांगितलं. त्याच्या पलीकडचा सेन्सर आयटूसीवर आहे, तो स्वतःहून कधीच बोलणार नाही. तिला ती ओळ टाइप करायला दिली, नाव आणि पत्ता, चव्वेचाळीस. एंटर दाबल्यावर पडद्यावर २९,८४० आलं, आणि बाबा म्हणाले, "हे काय, कापसाचा भाव हाय का?"